खाडीत पेटी लावण्याआधी
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

आजचा विषय थोडा नवा आहे. खाडीत कुर्ल्या वाढवणाऱ्या, कालवं आणि शिनाणे करणाऱ्या गटांकडे हल्ली कुणी ना कुणी येऊन सांगतं की पाण्यात सेन्सर लावा, म्हणजे पाणी किती खारं आहे, किती तापलंय, ते घरबसल्या मोबाइलवर दिसेल. तो माणूस गेला की बैठकीत प्रश्न निघतो, "आमका ह्या जमात काय?"

जमेल. जी बाई शिलाई मशीन उघडून साफ करते, तेल घालून पुन्हा जुळवते, तिला हे नक्की जमेल. पण या कामात बॅटरी आहे, वीज आहे आणि खारं पाणी आहे. या तिघांची गाठ कधी पडू द्यायची नाही, एवढं सांभाळलं तर बाकी सगळं शिकता येतं. म्हणून माझा आग्रह असा, की पेटी खाडीत नेण्याआधी महिनाभर ती आपल्या ओसरीवर चालवा. त्या महिन्यात काय काय करायचं, ते आज सांगते.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. एक छोटी प्लास्टिकची पेटी. तिच्यातून एक वायर बाहेर येते, तिच्या टोकाला सेन्सर, म्हणजे मोजणारा भाग. पेटीत बोटभर लांबीचा एक सर्किट बोर्ड, तो सेन्सरचा आकडा वाचतो आणि रेडिओ लहरींवरून पाठवतो. त्याला जोडलेली बॅटरी आणि एक छोटा अँटेना. अशा चार-पाच पेट्या वेगवेगळ्या ठिकाणी लावल्या आणि सगळ्यांचे आकडे एका मुख्य पेटीकडे आले, की झालं सेन्सरचं बिनतारी जाळं. मुख्य पेटीला गेटवे म्हणतात. ती कुणाच्या तरी घरात असते आणि तिथून आकडे इंटरनेटवर जातात. आपल्या आवाजाचं जसं रेडिओवर होतं, तसंच त्या आकड्यांचं.

आपल्याला हे अगदीच अनोळखी नाही. 'महावेध' प्रकल्पात २०१७ पासून राज्यातल्या महसूल मंडळांत दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. तुमच्या मंडळातही तारेच्या कुंपणात तसा एक खांब असेल, वर सोलरची छोटी पाटी असलेला. तो तापमान, पाऊस, आर्द्रता, वारा मोजतो. आंबा-काजूच्या फळपीक विम्याची भरपाई अशाच केंद्राच्या आकड्यांवर ठरते. म्हणजे सेन्सरचा आकडा हा नुसता आकडा राहत नाही, त्यावर घरात येणारा पैसा ठरतो. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 'अ‍ॅग्रीसेन्स' नावाची बिनतारी जाळ्याची व्यवस्था नाशिकजवळ सुला वाइनयार्डच्या द्राक्षबागेत लावून पाहिली होती. जमिनीतला ओलावा, हवेतली आर्द्रता, पान किती वेळ ओलं राहतं, असं सगळं मोजायचं आणि रोग येण्याआधी सावध व्हायचं, असा तो प्रयोग.

आपल्याकडे गरज वेगळी. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. जूनमधला पहिला मोठा पाऊस झाला की व्हाळांचं गोडं पाणी खाडीत उतरतं आणि हा आकडा एका रात्रीत झरझर खाली येतो. कालवांना, शिनाण्यांना पळून जाता येत नाही. २०१७ साली शासनाची कांदळवन संवर्धन व उपजीविका निर्माण योजना आली, त्यानंतर किनाऱ्यावरच्या अनेक गटांनी कुर्ल्या आणि कालवं यांत मेहनत आणि पैसा घातला आहे. पाणी गोडं होतंय हे आठ तास आधी कळलं, तर माल काढून घेता येतो. म्हणून सेन्सर हवा. आणि म्हणूनच तो खोटं बोलणारा नको.

खाऱ्या वाऱ्यात ही पेटी कशी बिघडते, याची एक खरी गोष्ट सांगते. २००२ साली अमेरिकेतल्या बर्कलेच्या संशोधकांनी मेन राज्याच्या किनाऱ्याजवळच्या ग्रेट डक नावाच्या बेटावर अशा पेट्या लावल्या. तिथे पेट्रेल नावाचे समुद्रपक्षी जमिनीत बिळं करून अंडी घालतात. माणसं सारखी जाऊन बघायला लागली तर पक्षी घरटं सोडतात. म्हणून बिळातच छोटे सेन्सर ठेवले. चार महिन्यांत अकरा लाखांहून जास्त नोंदी आल्या. पण पेट्या एकेक करून मरतही गेल्या. सर्किटवर पाणी न लागू देणारा लेप दिला होता, तरी हवेतली आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरला उघडं राहणं भागच होतं, नाहीतर तो मोजणार काय? तिथूनच पाणी शिरलं. मला या गोष्टीतला पुढचा भाग फार कामाचा वाटतो. पेटी मरण्याआधी आर्द्रतेचे आकडे वेडेवाकडे यायला लागायचे, शंभर टक्क्यांच्याही वर. शंभराच्या वर आर्द्रता असूच शकत नाही. म्हणजे पेटी स्वतःच सांगत होती की माझ्यात पाणी गेलंय. तुमच्या पेटीनेही असा अशक्य आकडा दाखवला तर मोबाइलला नावं ठेवू नका. पेटी उघडून बघा.

आता ओसरीवरचा महिना.

पहिला सेन्सर तापमानाचाच घ्या. खारेपणाचा सेन्सर महाग असतो, तो शिकण्यासाठी वापरू नका. स्टीलच्या नळीतला, तीन वायरींचा, डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर स्वस्त असतो आणि पाण्यात चालतो. तो खरा आहे का हे तपासायला आपल्या मासेविक्रेत्या बायांकडे बर्फ आहेच. बर्फ बारीक फोडा, भांडं भरा, त्यात थोडंसं गोडं पाणी घाला, दहा मिनिटं थांबा आणि सेन्सर मधोमध बुडवा. आकडा शून्याच्या आसपास, अर्धा अंश इकडे-तिकडे यायला हवा. बर्फात मीठ पडू देऊ नका. मिठाने तापमान शून्याच्याही खाली जातं, आणि मग चूक सेन्सरची की मिठाची ते कळत नाही.

याच सेन्सरच्या दोन खोड्या माहीत असू द्या. त्याने अचानक ८५ दाखवलं, तर पाणी उकळायला लागलेलं नाही. वीज आल्यावर मोजणी पूर्ण होण्याआधी तो ८५ हाच आकडा देतो. आणि उणे १२७ दिसलं तर बहुतेक वेळा वायर सुटलेली असते. हे दोन्ही आकडे वहीत तसेच लिहून सरासरी काढली तर महिनाभराची नोंद वाया जाते. म्हणून मोबाइलवर अलार्म लावण्याआधी, हे आकडे आले तर ते सोडून द्यायचे, असं प्रोग्राम लिहून देणाऱ्याला सांगा.

बर्फाची परीक्षा झाली की तो सेन्सर माशाच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवा आणि आठवडाभर बाजारात न्या. हा माझ्या आवडीचा पहिला प्रयोग आहे. यात पाण्यात उतरणं नाही, होडी नाही, आणि फायदा लगेच दिसतो. बांगडा उन्हात तापत राहिला तर त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते खाऊन अंगावर गांधी उठतात, आणि शिजवलं तरी ते जात नाही. बर्फ दुपारी कितीला संपतो, झाकण उघडल्यावर आत किती तापतं, हे आकड्यांत दिसलं की बर्फ कधी घालायचा ते ठरवता येतं.

आता बॅटरी. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इजा होते ती इथेच.

सुरुवात पेन्सिल सेलवर करा. तीन पेन्सिल सेल एकापुढे एक लावले की साडेचार व्होल्ट होतात. बोर्डाला तेवढे चालतात का, हे विकणाऱ्याला विचारून घ्या. हे सेल सहसा पेट घेत नाहीत, संपले की दुकानात मिळतात. लिथियमचा सेल, तो जाडसर, १८६५० नावाचा, ताकदवान असतो, पण त्याची धन-ऋण टोकं धातूने जोडली गेली तर क्षणात प्रचंड वीज वाहते. आपल्या हातात पाटल्या-बांगड्या असतात, गळ्यात मंगळसूत्र असतं. वाकून काम करताना साखळी दोन टोकांवर पडली तर ती तापून कातडी भाजते. काम करताना बांगड्या काढा आणि मंगळसूत्र पदराआड खोचून घ्या. सेल पर्समध्ये चाव्या-नाण्यांबरोबर टाकू नका, झाकणाच्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

विकत घेताना लेबल वाचा. या आकाराच्या सेलमध्ये आजच्या घडीला साडेतीन हजार मिलीअँपिअर-तासांच्या आसपासच वीज मावते. बाजारात ९९०० लिहिलेले सेल स्वस्तात मिळतात. ते लेबल खोटं आहे, आणि जो विक्रेता आकडा खोटा लिहितो, त्याने आतलं सुरक्षेचं काम नीट केलं असेल का, याचा विचार करा. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल तर अजिबात नको. सेलला स्वतः डाग देऊ नका, होल्डर घ्या. चार्जिंग ४.२ व्होल्टला आपोआप थांबवणारा आणि जास्त उतरल्यावर तोडणारा बोर्ड मध्ये हवाच. चार्जिंग लादीवर करा. गादीवर नाही, सुक्या शेणी-लाकडांजवळ नाही, आणि सगळे झोपलेले असताना नाही. सेल फुगला, गळला, त्याला गोडसर वास आला, की त्याचं काम संपलं. तो अंगणात, घरापासून दूर, वाळूच्या बादलीत ठेवा. पेटलाच तर धुरापासून लांब व्हा, तो विषारी असतो, मुलांना आधी हलवा. संपलेले सेल चुलीत किंवा खाडीत टाकायचे नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा घेतानाच दुकानदाराला विचारून ठेवा, परत कुठे द्यायची.

आणि पेटी एप्रिलच्या उन्हात कातळावर ठेवू नका. बंद पेटी तव्यासारखी तापते. सावलीत, पांढऱ्या रंगाची, हवा खेळेल अशी.

बॅटरी किती दिवस चालेल, याचा हिशोब आपल्याच हातात असतो. पेटी सतत जागी राहून वाय-फायवर बोलत राहिली, तर ती साधारण शंभर मिलीअँपिअर खाते. अडीच हजारांचा सेल एका दिवसात संपला. तीच पेटी झोपवून ठेवली, पंधरा मिनिटांनी उठून आकडा पाठवून पुन्हा झोपली, आणि सरासरी एक मिलीअँपिअरवर आली, तर तोच सेल साडेतीन महिने टिकतो. पाणी काही मिनिटामिनिटाला बदलत नाही, पंधरा मिनिटं पुरतात. बॅटरी जास्त टिकली, की पाण्यात उतरण्याच्या खेपाही कमी होतात, आणि सुरक्षेच्या दृष्टीने मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

डाग देणं, म्हणजे सोल्डरिंग, पहिल्या पेटीला नकोच. जुळवलेला बोर्ड घ्या, वायरी स्क्रूने बसवायच्या. पुढे शिकलात तर लक्षात ठेवा, साध्या कथलात शिसं असतं. स्वयंपाकाच्या ओट्यावर ते काम करू नका, खिडकी उघडी ठेवा, पीठ मळण्याआधी हात साबणाने धुवा. पोटुशी बाई आणि लहान मुलं त्या खोलीत नकोत.

रेडिओबद्दल थोडक्यात. घराजवळच्या कामाला वाय-फाय पुरतं. खाडीपलीकडे आकडा पोचवायचा तर लोरा नावाचा रेडिओ वापरतात, तो थोड्या विजेत काही किलोमीटर जातो, मध्ये माड-कांदळ दाट असले तर कमी. आपल्या देशात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून ठराविक ताकदीपर्यंत विनापरवाना वापरता येतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे काही बोर्ड ९१५ मेगाहर्ट्झचे असतात. ते अमेरिकेसाठी बनवलेले. ते घेऊ नका, "आठशे पासष्टचा द्या" असं स्पष्ट सांगा. आणि अँटेना लावल्याशिवाय लोराच्या पेटीला बॅटरी जोडू नका. पाठवलेली ताकद बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर आतला रेडिओ जळू शकतो.

गेटवे घरात ठेवायचा, चांगल्या चार्जरवर, हात ओले असताना शिवायचा नाही. घराच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी असेल तर उत्तम. विजेची गळती झाली की तो क्षणात वीज तोडतो. एक्स्टेंशन बोर्ड ओढत खाडीकाठी नेणं मात्र कोणत्याही कारणासाठी नको. पेटी बॅटरीवरच चालली पाहिजे. काही जण सांगतात, सेन्सरने पंपही आपोआप चालू-बंद करू. ती २३० व्होल्टची गोष्ट आहे. परवानाधारक वायरमनशिवाय तिला हात लावायचा नाही, आणि पहिल्या वर्षी तर ती काढायचीच नाही.

दुसऱ्या पंधरवड्यात पेटीला पाण्याची सवय करा. ती बादलीत बुडवा, वर दगड ठेवा, रात्रभर राहू द्या. आत वहीचा कोरा कागद घडी करून ठेवा. सकाळी तो ओलसर असेल तर पेटी खाडीला लायक नाही. पेटीवर आयपी ६७ लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच, की एक मीटर पाण्यात अर्धा तास ती टिकली. आपला पावसाळा चार महिन्यांचा. दिवसा पेटी तापते, आतली हवा फुगते, रात्री थंड झाली की ती बाहेरची दमट हवा आत ओढते, आणि आत दव धरतं. त्यासाठी सिलिका जेलची पुडी ठेवा. रंग बदलणारी घ्यायची तर नारिंगी घ्या. निळीत कोबाल्टचं विषारी क्षार असतं. वायर पेटीच्या खालच्या बाजूने बाहेर काढा आणि तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून गळून जातं. साधे लोखंडी स्क्रू एका पावसात गंजतात, ३१६ जातीच्या स्टीलचे मागा.

महिनाभर रोज सकाळ-संध्याकाळ एक बाई साध्या थर्मामीटरने मोजेल आणि वहीत पेटीचा आकडा शेजारी लिहील. दोघांचं पटलं, की मग खारेपणाचा सेन्सर आणा. लिटरभर गोड्या पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं की समुद्राच्या पाण्याच्या जवळपासचं पाणी होतं. त्यात सेन्सर काय म्हणतो ते पाहा, मग त्यातच अर्धं गोडं पाणी मिसळून पाहा. हे पटल्याशिवाय त्याच्या भरवशावर माल काढायचाही नाही, ठेवायचाही नाही.

मग खाडी. आधी विचारा. मालवणच्या किनाऱ्यावर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे. कांदळाच्या झाडाला खिळा मारून पेटी लावू नका. वनविभागाला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवून आपल्याच शेताच्या खांबाला ती बांधा. होड्यांच्या वाटेत ती येता कामा नये, वर रंगीत फडकं लावा.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी झपाट्याने चढतं, तेव्हा पेटी लावायला जाऊ नका. मधल्या भांगाच्या दिवसांत, ओहोटी लागल्यावर, दोघी मिळून जा. लाइफ जॅकेट घाला. चिखलात पाय रुतला तर एकटीला निघता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. आकडा यायचा बंद झाला म्हणून रात्री कुणी खाडीत उतरायचं नाही, हे गटात आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. आणि मे महिन्यात किंवा परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की खांबाजवळ उभं राहू नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' नावाचं अ‍ॅप जवळपास वीज पडण्याची सूचना देतं, ते गटातल्या एका तरी मोबाइलवर असू द्या.

पेटीवर न पुसणाऱ्या शाईने गटाचं नाव आणि फोन नंबर लिहा. लाटेने सुटली तर ती कुठल्या तरी रापणीत सापडेल, आणि सापडलेल्याने ती उघडून बघू नये म्हणून खाली मोठ्या अक्षरांत एवढं लिहा: आत बॅटरी आहे, उन्हात ठेवू नका, फोन करा.